पाय नाही, तरी बोटं आखडतात?

प्रश्न: बाबांचा डावा पाय डायबेटिसमुळे गुडघ्याखाली काढलाय, तरी रात्री म्हणतात त्या पायाची बोटं आखडलीत, जरा चोळ गं. मनाचे खेळ आहेत का हे?

उत्तर: नाही हो ताई, दुखणं अगदी खरंय. पाय गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा राहतोच. मेंदूतज्ज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात यावर साधा आरसा वापरून बघितला, तेव्हा हात गमावलेल्यांसाठी; पायासाठी म्हणजे दोन्ही पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा, धड पायाची बोटं हळूहळू हलवायची आणि आरशात बघत राहायचं, मेंदूला वाटतं गेलेलाच पाय हलतोय आणि काहींची आखडलेली बोटं सुटतात. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या. आणि बाबांना भास होतात असं घरात कुणालाही म्हणू देऊ नका, प्लीज.