मागच्या अंगणात आडोशासाठी कृत्रिम हेजचे (प्लास्टिकच्या पानांच्या कुंपणाचे) पॅनेल लावले तर टिकतील का?

टिकतील, पण यूव्ही-स्टॅबिलाइज्ड, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारा माल घ्या. साध्या प्लास्टिकचा रंग उन्हात उडतो, पानं ठिसूळ होऊन गळतात. ३ मीटर लांब आणि दीड मीटर उंच आडोशाला ५० × ५० सेंमीचे १८ पॅनेल लागतील.

पैसे खरे सांगाड्यावर घाला: दर चार-पाच फुटांवर काँक्रीटमध्ये रोवलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, त्यावर वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी), मग पॅनेल. बांधायला काळे केबल टाय वापरा, पांढरे उन्हात लवकर तुटतात. आरपार दिसतंय म्हणून मागे फ्लेक्स किंवा पत्रा मात्र ठोकू नका. वारा अडतो आणि पावसाळी वादळात खांबच वाकतात. त्याऐवजी शेडनेट लावा. खाली दोन इंच मोकळं सोडा, म्हणजे पालापाचोळा साचणार नाही. बंब, चूल जवळ असेल तर हे नकोच, प्लास्टिक पेटतं.