६.५ बँड हवे होते, ६.० च का आले?

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार. दारव्हा तालुक्यातून आलेले आपले पत्र, मुलीच्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या निकालाची प्रत आणि तिच्या सरावाच्या वहीचे फोटो मिळाले. कृषी पदवीनंतर तिला परदेशात मृदाशास्त्र शिकायचे असून विद्यापीठाची अट एकूण ६.५ बँड (नऊपैकी दिली जाणारी श्रेणी) आणि प्रत्येक विभागात किमान ६.० अशी आहे. तिला श्रवणात ६.५, वाचनात ६.५, लेखनात ५.५ आणि संभाषणात ६.० मिळाले, तरी एकूण ६.० च कसे, आणि नऊपैकी सहा म्हणजे सहासष्ट टक्के मिळवणारी मुलगी नापास कशी, असे आपण विचारले आहे.

या परीक्षेत पास-नापास नसते आणि बँड म्हणजे टक्केही नव्हेत. श्रवण आणि वाचन यांत प्रत्येकी ४० प्रश्न असतात, प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण मिळतो आणि चुकीला गुण कापले जात नाहीत. या गुणांचे पुढे बँडमध्ये रूपांतर होते. अकॅडेमिक, म्हणजे उच्च शिक्षणासाठीच्या, परीक्षेत साधारणपणे २३ उत्तरे बरोबर आली की ६ बँड आणि ३० आली की ७ बँड मिळतो. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार यात थोडा फरक पडतो. मात्र श्रवणात उत्तर बरोबर ऐकूनही ‘अकोमोडेशन’च्या स्पेलिंगमध्ये एक ‘एम’ गाळला, तर तो गुण जातो.

एकूण बँड म्हणजे चार विभागांची सरासरी. आपल्या मुलीची बेरीज २४.५ आणि सरासरी ६.१२५ येते. सरासरी .२५ वर आली तर ती वरच्या अर्ध्या बँडला नेली जाते आणि .७५ वर आली तर पुढच्या पूर्ण बँडला, ६.१२५ मात्र .२५ च्या खाली असल्यामुळे ६.० वर उतरली. म्हणजे बेरजेत केवळ अर्धा बँड कमी पडला, आणि तो लेखनात मिळाला तर बेरीज २५, सरासरी ६.२५ आणि एकूण ६.५ होऊन विभागवार अटही त्याच वेळी पूर्ण होते.

लेखनाची तपासणी आपल्याला कापसावरून सहज समजेल. श्रवण-वाचन म्हणजे काट्यावरचे वजन, तर लेखन-संभाषण म्हणजे ग्रेडरने ठरवलेली प्रत. फरक एवढाच, की येथील ग्रेडरचे निकष छापील आणि जाहीर आहेत: विचारलेल्याचे उत्तर दिले का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दसंपदा कशी आहे आणि व्याकरण किती अचूक व विविध आहे. चारही निकषांचे वजन सारखे असते; परंतु दुसऱ्या, किमान २५० शब्दांच्या निबंधाला पहिल्या, आलेख वगैरेंचे वर्णन करणाऱ्या किमान १५० शब्दांच्या उत्तराच्या दुप्पट महत्त्व असते.

वहीत मला लेखनातलीच अडचण दिसली. पहिल्या उत्तरात तिने आलेखातील प्रत्येक आकडा ओळीने उतरवला आहे, पण एकंदर कल काय आहे हे सांगणारे एकही वाक्य लिहिलेले नाही, आणि असे वाक्य नसेल तर ‘विचारलेल्याचे उत्तर’ या निकषावर ६ बँड मिळणे कठीण असते. शिवाय वहीतील वेळेच्या नोंदींनुसार पहिल्या उत्तरात अर्धा तास गेल्याने निबंध घाईत आटोपला आहे. वास्तविक पहिल्याला २० आणि दुसऱ्याला ४० मिनिटे द्यावीत. तीन वेगवेगळ्या निबंधांची सुरुवात एकाच पाठ केलेल्या परिच्छेदाने झाली आहे. क्लासमध्ये असे परिच्छेद सर्रास पाठ करून घेतात, पण परीक्षक ते लगेच ओळखतात आणि त्यांचे श्रेय देत नाहीत. मराठी माध्यमामुळे ती मागे पडली, असे मला तरी वाटत नाही.

क्लासवाले पूर्ण परीक्षा पुन्हा द्यायला सांगत आहेत, असे आपण लिहिले आहे. त्यात आज चांगले असलेले तीन बँड घसरण्याचाही धोका आहे. तिची परीक्षा संगणकावर झाली असेल, तर मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत एकाच विभागाची फेरपरीक्षा देता येते. फेरतपासणीचाही मार्ग आहे. त्यात बँड बदलला तर शुल्क परत मिळते. मात्र एका विभागाच्या फेरपरीक्षेचा निकाल सगळीच विद्यापीठे स्वीकारत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी प्रवेश विभागाला ई-मेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. तो ई-मेल मुलीनेच स्वतःच्या शब्दांत लिहावा आणि उत्तर आले की मला कळवावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक