यादी लांब, शिल्लक आखूड: प्रेशर वॉशिंगमध्ये कोणती कामे ठेवावीत?

प्रश्न: माझा मुलगा 23 वर्षांचा आहे. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतल्यावर नोकरी न शोधता त्याने पेट्रोलवर चालणारा प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणारे यंत्र, विकत घेतला आणि धुलाईची कामे घेऊ लागला. त्याच्या पत्रकावर अकरा सेवा छापल्या आहेत: घरापुढचा वाहनमार्ग, अंगणातील फरशी, बाहेरच्या भिंती, छप्पर, लाकडी कुंपण, पन्हळी, खिडक्या, गाड्या, सौर पॅनेल, भिंतींवर स्प्रेने रंगवलेली अक्षरे काढणे आणि दुकानांसमोरच्या फरश्या. त्याचा एकही दिवस रिकामा जात नाही, तरी महिनाअखेर हाती फारसे उरत नाही. यांपैकी फायद्याच्या सेवा कोणत्या? की हा नाद सोडून त्याने नोकरी धरावी? — एक आई

उत्तर: सप्रेम नमस्कार.

मुलाचा एकही दिवस रिकामा जात नाही, हे आपण तक्रारीच्या ओघात लिहून गेलात, पण पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती मला तीच वाटते. नव्या व्यवसायाची पहिली परीक्षा गिऱ्हाईक मिळण्याची असते आणि तीत तो उत्तीर्ण झाला आहे. कामे आहेत, कष्ट आहेत आणि तरीही पैसा उरत नाही, तेव्हा दोष बहुधा कामांच्या निवडीत किंवा दराच्या आकारणीत असतो. म्हणून नोकरीचा विषय थोडा पुढे ढकलून आधी ती यादी पाहू. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे म्हटले तर मुलाला राग येईल, परंतु अकरा सेवा म्हणजे अकरा प्रकारची सामग्री, अकरा प्रकारचे धोके आणि दर सांगताना अकरा वेळा अंदाजाने ठोकलेला आकडा, हे त्यालाही नाकारता येणार नाही.

कोणती सेवा फायद्याची, हे बिलाच्या रकमेवरून ठरत नाही. खर्च वजा जाता एका माणसाच्या एका तासामागे काय उरले, यावरून ते ठरते, आणि हा तास घरून निघाल्यापासून सामान परत जागेवर लागेपर्यंतचा धरावा लागतो. रुपयांऐवजी येथे ‘भाग’ हे एकक धरू. समजा, छपराच्या एका कामाचे बिल 10 भाग झाले. शिड्या लावणे, खालची झाडे भिजवून झाकणे, रसायन मारून थांबणे आणि पुन्हा धुणे यांत दोन माणसांचे सहा-सहा तास गेले आणि रसायन, इंधन वगैरेंवर 2 भाग खर्च झाले. उरलेले 8 भाग 12 तासांवर वाटले, तर तासाला एक भागही पडत नाही. आता वाहनमार्गाचे काम घ्या: बिल केवळ 4 भागांचे, खर्च अर्धा भाग, एक माणूस आणि जाण्यायेण्यासह साडेतीन तास. येथे तासाला पूर्ण एक भाग सुटतो. त्याच फेरीत शेजारचाही वाहनमार्ग मिळाला, तर प्रवासाचा तास वाचतो आणि तेच प्रमाण 1.4 भागांवर जाते. हे आकडे मी उदाहरणापुरते धरले आहेत, मुलाचे आकडे वेगळे निघतील. मात्र हा हिशेब त्याने आजवर केलेला नसावा, अशी मला शंका आहे, कारण तो केला असता तर पत्रकावर अकरा ओळी राहिल्या नसत्या.

या दृष्टीने पाहता एका माणसाच्या आणि एका यंत्राच्या व्यवसायाचा कणा सपाट पृष्ठभागांची धुलाई हाच असावा, असे माझे मत आहे. वाहनमार्ग, अंगण, पायवाटा, पेव्हर ब्लॉकची जागा ही कामे जमिनीवर उभे राहून होतात, क्षेत्रफळ मोजून दर सांगता येतो आणि फरक गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसतो. अट एकच की ही कामे नुसत्या गनने, म्हणजे यंत्राच्या हातात धरायच्या फवारणी-नळीने, करू नयेत. गनच्या पंख्यासारख्या फवाऱ्याने मोठी फरशी धुतली की हात किंचित वरखाली होताच पट्टे पडतात. फरशी ओली असेपर्यंत ते लक्षात येत नाहीत, आणि ती वाळून पट्टे उमटतात तोवर मुलगा पुढच्या कामावर पोहोचलेला असतो. मग फुकटात परत जावे लागते आणि दोन कामांचा नफा एका फेरीत जातो. यावर उपाय सरफेस क्लीनरचा. गोल झाकणाखाली फिरणाऱ्या दांड्याच्या टोकांना नोझल असतात, त्यामुळे पृष्ठभागापासूनचे अंतर कायम राहते, धुलाई एकसारखी होते आणि गनपेक्षा कितीतरी लवकर उरकते. मुलाकडे हे साधन नसेल, तर पुढची खरेदी हीच असावी.

येथे त्याच्या पदविकेचा उपयोग होईल. यंत्र निवडताना बहुतेक नवखे फक्त दाब पाहतात. चिकटलेला मळ सुटतो तो दाबाने, पण सुटलेला मळ वाहून नेण्याचा वेग पाण्याच्या प्रवाहावर, म्हणजे मिनिटाला किती लिटर यावर ठरतो. मिनिटाला 15 लिटर पाणी टाकणारे यंत्र तासाभरात 900 लिटर पाणी ओढते. गिऱ्हाइकाच्या नळाला मिनिटाला 10 लिटरच येत असतील, तर पंपाला पाणी अपुरे पडून तो आतून झिजतो. म्हणून मध्ये साठ्याची टाकी हवी, किंवा काम स्वीकारण्यापूर्वी नळाखाली बादली धरून ती किती वेळात भरते हे पाहायला हवे. त्याचप्रमाणे इंजिन चालू ठेवून गन बराच वेळ बंद ठेवली, तर तेच पाणी पंपात फिरून तापते आणि सील खराब होतात. पंपाची दुरुस्ती हाही धुलाईचाच खर्च आहे आणि तासाच्या हिशेबात तो घसाऱ्यासह धरला पाहिजे.

दुसरी ठेवण्याजोगी सेवा बाहेरच्या भिंतींची, पण ती जोराच्या फवाऱ्याने करू नये. रंगवलेल्या किंवा गिलाव्याच्या भिंतीवर मोठा दाब मारला की रंगाचे पोपडे सुटतात आणि फटींमधून पाणी आत शिरते. हिरवे शेवाळ आणि काळी बुरशी यांना मारावे लागते ते रसायनाने. सोडियम हायपोक्लोराइटचे (द्रवरूप ब्लीचमधील रसायनाचे) पातळ द्रावण साबणासह कमी दाबाने खालून वर लावायचे, थोडा वेळ थांबायचे, ते वाळू द्यायचे नाही, आणि मग वरून खाली साध्या पाण्याने धुवायचे. या पद्धतीला सॉफ्ट वॉश म्हणतात. नुसत्या दाबाने धुतलेल्या भिंतीवर शेवाळाचे जिवंत अंश तसेच राहिल्याने ते लवकर परतते, म्हणून येथे गिऱ्हाइकाचाही फायदा आहे. झाडे आधी आणि नंतर भरपूर पाण्याने भिजवावीत. हे रसायन उन्हात आणि उष्णतेत आपली ताकद गमावते, तेव्हा स्वस्त मिळाले म्हणून पिंपे भरून ठेवण्यात शहाणपण नाही.

सुरक्षिततेची एक गोष्ट मी अगदी स्पष्ट लिहितो आणि ती आपण त्याला वाचून दाखवावी. हायपोक्लोराइटमध्ये कोणतेही आम्ल मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनियायुक्त द्रावण मिसळले तरी घातक वायू निर्माण होतात. गंजाच्या डागांसाठी ऑक्झॅलिक आम्ल आणि विटांवर येणाऱ्या क्षारांच्या पांढऱ्या थरासाठी इतर आम्ले वापरली जातात, त्यामुळे एकाच गाडीत दोन्ही डबे असण्याची शक्यता खरी आहे. त्यांचे डबे, पंप आणि फवारे वेगळे हवेत. तसेच फवाऱ्याची धार कातडीतून आत घुसल्यास बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, आतून मात्र ऊती फाटलेल्या आणि दूषित झालेल्या असतात. तेव्हा मलमपट्टी करून न थांबता लगेच रुग्णालय गाठावे आणि जखम उच्च दाबाच्या पाण्याने झाली आहे, हे तेथे सांगावे. पेट्रोलचे यंत्र बंदिस्त जागेत चालवू नये, कारण त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

पन्हळी आणि खिडक्या या सेवा स्वतंत्रपणे विकू नयेत, जोडकाम म्हणून ठेवाव्यात. भिंती धुताना शिडी लागलेलीच असते, गिऱ्हाईक घरी असते आणि प्रवासाचा खर्च आधीच वसूल झालेला असतो. अशा वेळी तासाभराचे जोडकाम जवळजवळ निव्वळ नफ्याचे ठरते, तर त्याच खिडक्यांसाठी मुद्दाम फेरी केली तर हाती काही लागत नाही. पेव्हर ब्लॉक धुतल्यावर सांध्यांतील वाळू निघून जाते. ती पुन्हा भरून देणे हेही असेच चांगले जोडकाम आहे, मात्र त्यासाठी जागा पूर्ण वाळण्याची वाट पाहून दुसऱ्यांदा जावे लागते आणि तो वेळ दरात धरावा लागतो.

दुकानांसमोरच्या फरश्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण व्यवसायाचे स्थैर्य येथून येऊ शकते. घराचा मालक वाहनमार्ग वर्षाकाठी एकदा धुऊन घेईल, दुकानदाराला मात्र ठरावीक मुदतीने धुलाई लागते. ओळीने असलेल्या चार दुकानांचे कंत्राट मिळाले, तर महिन्याचा काही भाग आधीच बांधला जातो, पुन्हा पुन्हा गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, आणि नियमित धुतल्याने दर खेपेस मळही कमी असतो. अडचणी दोन आहेत. दुकान बंद असतानाच काम करता येते, म्हणजे रात्र किंवा भल्या पहाटेची वेळ पाळावी लागते. दुसरे म्हणजे खाद्यपदार्थांच्या दुकानांपुढची फरशी ओशट असते. थंड पाणी तेथे ओशटपणा काढत नाही, इकडून तिकडे पसरवते, आणि चिकटलेले च्युइंगमही गरम पाण्यानेच सहज सुटते. पाणी तापवणारे यंत्र बरेच महाग असते. ते घेण्यापूर्वी अशी दुकाने वगळून बाकीच्यांची कंत्राटे घ्यावीत आणि गरम पाण्याची मागणी खरोखर किती येते, याची वहीत नोंद ठेवावी. शिवाय तेल आणि साबण मिसळलेले पाणी पावसाच्या पाण्याच्या गटारात सोडण्यास अनेक ठिकाणी मनाई असते. स्थानिक नियम आधी विचारावा आणि पाणी अडवून गोळा करावे लागणार असेल, तर तो खर्च कंत्राटात लिहावा.

उरलेल्या सेवांपैकी बहुतेक मी आज काढून टाकीन. एकेक गाडी धुण्यात बिल लहान असते, रंगावर ओरखडा आल्यास भरपाई मोठी असते, आणि गाडी धुऊन देणाऱ्या केंद्रांशी दरात स्पर्धा करणे त्याला परवडणार नाही. एका जागी उभ्या असलेल्या ताफ्याची नियमित धुलाई हा वेगळा व्यवसाय आहे, त्याचा विचार पुढे करता येईल. लाकडी कुंपणावर दाब जरा वाढला की तंतू उठून लाकूड केसाळ होते आणि मग घासून पुन्हा रंगवून द्यावे लागते. सौर पॅनेलवर जोरदार फवारा वापरू नये, असे अनेक उत्पादक सांगतात आणि तापलेल्या काचेवर थंड पाणी पडले तर ती तडकू शकते. तेथे मऊ ब्रश, क्षारमुक्त पाणी आणि सकाळची वेळ लागते, यंत्राचा काही उपयोग नसतो. भिंतींवरची स्प्रेची अक्षरे काढल्यावरही सच्छिद्र दगडात किंवा विटेत त्यांची सावली राहते आणि गिऱ्हाईक पैसे देताना कां-कू करते. छपराचे काम पैसा देणारे असले, तरी पडण्याचा धोका, फुटणारी कौले आणि दुसऱ्या माणसाची गरज पाहता ते प्रशिक्षण, पडण्यापासून वाचवणारा पट्टा आणि विमा असल्याशिवाय घेऊ नये. जुने सिमेंटचे पत्रे असतील आणि त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शंका असेल, तर कितीही पैसे मिळोत, त्यांवर फवारा मारू नये. घातक तंतू हवेत आणि पाण्यात पसरतात.

दर आणि काम यांबाबत तीन सवयी त्याने लावून घ्याव्यात. काम कितीही लहान असो, एक किमान आकार ठरलेला असावा आणि त्याखाली त्याने घराबाहेर पडू नये. काम सुरू करण्यापूर्वी तडे, सुटलेला रंग आणि आधीचे डाग यांची छायाचित्रे काढून गिऱ्हाइकाला पाठवावीत. प्रत्येक नव्या पृष्ठभागाचा कोपऱ्यातील लहानसा तुकडा आधी धुऊन पाहावा आणि तो मालकाला दाखवूनच पुढे जावे. नवे काँक्रीट पुरेसे पक्के होईपर्यंत, साधारण महिनाभर तरी, धुऊ नये. गिऱ्हाईक घाई करीत असेल, तरी हे काम पुढे ढकललेलेच बरे. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमा त्याने अजून घेतला नसेल, तर तो खर्च सरफेस क्लीनरच्याही आधी करावा.

आता नोकरीचा प्रश्न. पुढील तीन महिने त्याने प्रत्येक कामाची नोंद वहीत ठेवावी: निघाल्याची आणि परतल्याची वेळ, माणसे, इंधन, रसायन, दुरुस्ती, बिल, आणि तक्रारीसाठी पुन्हा जावे लागले का. या काळात नवी कामे फक्त सपाट पृष्ठभाग, सॉफ्ट वॉश, त्यांची जोडकामे आणि ओशट नसलेली दुकाने यांचीच घ्यावीत. मग तासामागे उरणारी रक्कम, त्याच्या पदविकेवर मिळू शकणाऱ्या नोकरीच्या पगारातून पडणाऱ्या तासाच्या रकमेशी ताडून पाहावी. ती तेवढी किंवा अधिक भरली, तर त्याला अडवू नये. निम्मीही भरली नाही, तर नोकरी धरून सुटीच्या दिवशी फक्त वाहनमार्ग धुण्याचा मार्ग मोकळा आहे, कारण यंत्र त्याचेच आहे आणि कर्जाचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. रक्कम अधेमधे भरली, तर मला वही पाठवावी. दर वाढवायचा, की फेऱ्यांची आखणी बदलायची, हे नोंदी पाहूनच सांगता येईल. तूर्त नवीन पत्रके छापण्याचा खर्च करू नये. जुन्यांवरील सात सेवा पेनाने खोडल्या तरी चालेल.