पोरं कुठं बसवायची?

“मॅडम, दोन सीटची गाडी हो. टपसुद्धा कापडाचा. आणि ह्यांचं वय त्रेपन्न.” वहिनींनी पर्स मांडीवर गच्च धरली होती. मग आवाज खाली आला. “खरं सांगा, दुसरं काही प्रकरण तर नसेल?”

मी समुपदेशक. हा प्रश्न दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी माझ्यासमोर येऊन बसतो. गाडी तेवढी बदलते. कधी यामाहा आरएक्स हंड्रेड असते, कधी मिलिटरीच्या लिलावातली जीप. पन्नाशीतला, आयुष्यभर जपून खर्च करणारा माणूस एकदम कसल्या तरी जुन्या, बिनकामाच्या गाडीवर जीव टाकतो आणि घरात सगळे हबकतात.

अशा वेळी मी आधी दोन गोष्टी तपासते. झोप किती आहे? माणूस दोन-तीन तासच झोपून ताजातवाना उठत असेल, अखंड बोलत असेल, गाडीबरोबर प्लॉट, शेअर, फोन असं दिसेल ते घेत सुटला असेल, तर ते खूळ म्हणून सोडून देत नाही, थेट मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. आणि पैसा लपवला जातोय का? इथं दोन्ही नव्हतं. भाऊ रात्री दहाला घोरत होते, आणि गाडीचे फोटो त्यांनी सगळ्यात आधी बायकोलाच दाखवले होते. लपवाछपवी करणारा माणूस असं करत नाही. वहिनींना तसं सांगितलं. अर्धं पटलं.

(मी दोघांना भाऊ-वहिनीच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

भाऊंचं बेळगावच्या उद्यमबागेत छोटं मशीन शॉप. फौंड्रीतून कास्टिंग यायची, ह्यांच्याकडं मशीनिंग व्हायचं. गाडी होती सॅन स्टॉर्म. नव्या पिढीला नावही माहीत नसेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात तयार झालेली ही दोन सीटची उघडी गाडी, फायबरची बॉडी, आत रेनोचं 1149 सीसीचं इंजिन. रस्त्यावर मारुती 800, पद्मिनी आणि अॅम्बेसिडर असण्याच्या काळात ती समोरून आली की माणूस वळून बघायचा. थोड्याच निघाल्या. आता म्हापशाजवळच्या एकाकडं विकायला होती, साडेचार लाखांना.

भाऊ पहिल्या भेटीत गाडीची वकिलीच करत होते. फायबर गंजत नाही, इंजिन साधं आहे, किंमत वाढतच जाणार, आणि म्हणे विंटेज नंबर मिळेल. तो मिळणार नव्हता. 2021 च्या नियमानुसार विंटेज नोंदणी पन्नास वर्षांपुढच्या गाडीला, वीस हजार भरून, आणि तीही रोज वापरायची नाही. ही गाडी जेमतेम पंचवीस-सव्वीस वर्षांची. म्हणजे पंधरा वर्षांपुढच्या कुठल्याही गाडीसारखं दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण, गोव्याची एनओसी, इकडचा टॅक्स, मग बेळगावचा केए-22 नंबर. मी हे सांगितलं तेव्हा भाऊ चेहरा न हलवता म्हणाले, “बघू की.” त्यांच्या कारणांमध्ये त्यांचाच जीव नव्हता. बायकोसमोर मांडायला म्हणून ती गोळा केली होती.

म्हणून दुसऱ्या भेटीत मी “गाडी का हवी?” हे विचारलंच नाही. त्या प्रश्नाला माणूस कारणं देतो. मी विचारलं, “गाडीचा फोटो बघितला की कुठला दिवस डोळ्यासमोर येतो?”

भाऊंनी क्षणभरही घेतला नाही. मे 1999. पणजी, मिरामार. भाड्याची कायनेटिक होंडा रस्त्याकडेला लावून ते शहाळं पीत उभे होते. समोरून पिवळी स्टॉर्म आली, टप खाली केलेला. चालवणारा त्यांच्याच वयाचा. गाडी थांबली, तो उतरला, दार न उघडता, उडी मारून. “मॅडम, दार न उघडता!” त्रेपन्न वर्षांच्या माणसाच्या हातात तेव्हा अदृश्य शहाळं होतं. परत आल्यावर सहा महिन्यांत वडिलांना अर्धांगवायू झाला, शॉप अंगावर पडलं. त्यानंतर गोव्याला गेले ते माल पोचवायलाच.

नॉस्टॅल्जिया हा शब्द 1688 साली योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्यानं घडवला, परमुलखात चाकरी करणाऱ्यांना घराच्या ओढीनं जडणाऱ्या दुखण्यासाठी. तेव्हा तो रोग होता. आज आपण त्याला रोग मानत नाही, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाला दहा ते तीस या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं, हेही अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. भाऊ तेव्हा सत्तावीसचे होते. इथपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम चाललं होतं, आणि मला वाटलं गाठ सुटली. जबाबदारी पडायच्या आधीचा शेवटचा मोकळा दिवस, झालं. मी जरा जास्तच खूश झाले होते स्वतःवर.

जोडप्यांबरोबर मी एक साधी गोष्ट नेहमी करते: एकानं सांगितलेलं दुसऱ्यानं आपल्या शब्दांत परत सांगायचं, पहिला “बरोबर” म्हणेपर्यंत. वहिनींना म्हटलं, भाऊंचा तो दिवस तुम्ही सांगा.

वहिनी खानापूर तालुक्यातल्या. आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या बायकांसारखं त्या स्वतःला “मी जातो, मी सांगतो” असंच म्हणतात. त्या म्हणाल्या, “मी सांगतो. मिरामारला शहाळं एकच घेतलं होतं, दोन स्ट्रॉ. गाडी पिवळी, बरोबर. तो पोरगा उडी मारून उतरला, तेही बरोबर. मी म्हटलं, ह्यात पोरं कुठं बसवायची? तर हे म्हणाले, पोरं झाल्यावर बघू.”

भाऊ बघतच राहिले. “तू होतीस तिथं?”

पंख्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. वहिनी माझ्याकडं बघून बोलल्या, नवऱ्याकडं नाही. “मला दुसरा महिना लागला होता, मॅडम. तेच सांगायला तोंड उघडलं होतं. हे गाडीच्या मागनं पार कोपऱ्यापर्यंत चालत गेले. मग रात्री लॉजवर सांगितलं.”

ती मुलगी आता पंचवीसची, तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. घरात भांडण लग्नाच्या पैशावरून आहे असंच दोघं धरून चालले होते, आणि मीही. पण साडेचार लाखांची सोय भाऊंच्या एलआयसीतून होत होती, लग्नाच्या ठेवीला हात लागणार नव्हता. ते वहिनींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना सलत होतं ते वेगळंच. नवरा महिनाभर जो सोन्याचा दिवस घरात, शॉपवर, पाहुण्यांना रंगवून सांगत होता, त्यातून त्या पुसल्या गेल्या होत्या. आठवण अशीच वागते. जे झळाळतं ते ठेवते, शेजारी उभ्या असलेल्याला चौकटीबाहेर ढकलते. ढकलणाऱ्याला पत्ताही नसतो, म्हणून त्याला दोष देता येत नाही, आणि म्हणूनच जास्त लागतं.

भाऊ माफी मागायला लागले, तेही घाईघाईनं. मी थांबवलं. म्हटलं, आता वहिनींचा तो दिवस तुम्ही परत सांगा. तीन वेळा चुकले. साडीचा रंग चुकला, लॉजवर काय खाल्लं ते चुकलं. चौथ्या वेळी वहिनी “बरोबर” म्हणाल्या आणि नाक पुसलं.

गाडी घ्या किंवा घेऊ नका, हे मी सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की टोकन द्यायच्या आधी दोघांनी जाऊन तिच्यात बसून या. फोटोतल्या गाडीला गिअर जड नसतात.

गेले. रविवारी पहाटे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करत म्हापशाकडं. भाऊंनी नंतर जे सांगितलं त्यात क्लच घट्ट, सीट इतकी खाली की हंपवर कंबर बोलली, आणि उडी मारायचा प्रश्नच आला नाही, उतरताना दार धरूनही दोनदा बूड टेकलं. वहिनींचा उजवा गुडघा वाकेना. मालकाच्या बायकोनं हात देऊन त्यांना बसवलं. साखळी गावच्या रस्त्यावर पाऊस आला. टप ओढायला दोन माणसं लागतात, एकीकडची कडी भाऊंनी लावली, दुसरीकडची वहिनींनी, तोवर दोघं भिजलेले. भाऊंनी गाडी जागेवर लावून मालकाला सांगितलं, विचार करतो.

अजून घेतलेली नाही. एनओसी मिळते का ते एजंट बघतोय, आणि शॉपच्या मागच्या शेडमधलं भंगार भाऊंनी उचललं आहे. मागच्या आठवड्यात वहिनी एकट्याच भेटायला आल्या. गुडघ्यासाठी फिजिओथेरपी सुरू केलीय म्हणाल्या. इतकी वर्षं टाळलेली, आताच का, असं विचारलं तर म्हणाल्या, “जिन्यासाठी.”