एकाच नाइसचं झिरकॉनवरून एक वय येतं आणि काळ्या अभ्रकावरून दुसरंच. मग खरं वय कोणतं?

तुमच्या प्रश्नातला खडक नाइस, म्हणजे पट्टिताश्म आहे; जुना खडक उष्णतेने-दाबाने बदलून झालेला पट्ट्यापट्ट्यांचा खडक. झिरकॉन या बारीक, टिकाऊ खनिजकणांवरून त्याचं वय ३०० कोटी वर्षांच्या वर आलं आणि काळ्या अभ्रकावरून त्यापेक्षा बरंच कमी, म्हणून चूक कोणाची असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा चूक कोणाचीच नसते. प्रयोगशाळेत मोजलं जातं ते खनिजाचं वय. किरणोत्सारातून तयार झालेला अणू (झिरकॉनमध्ये युरेनियमपासून शिसं, अभ्रकात पोटॅशियमपासून आर्गॉन) त्या खनिजातून निसटायचा थांबला, तिथपासून हे वय धरलं जातं. ज्या तापमानाखाली असं होतं, ते त्या खनिजाचं बंद-तापमान. झिरकॉनमधलं शिसं ९०० अंश सेल्सिअसलाही सहसा जागचं हलत नाही. हॉर्नब्लेंड या गडद खनिजातला आर्गॉन साधारण ५०० ते ५५० अंशांना अडकतो, पांढऱ्या अभ्रकातला ४०० च्या आसपास आणि काळ्या अभ्रकातला ३०० च्या आसपास. कणाचा आकार आणि थंड होण्याचा वेग यांनुसार हे आकडे थोडे पुढेमागे होतात. जुना खडक नंतर कधीतरी दीर्घकाळ ४५० अंशांपर्यंत तापला, तर झिरकॉन आपलं मूळ वय राखून असतो आणि अभ्रक त्या तापण्यानंतर खडक थंड कधी झाला ते सांगतो.

खडक मुळात कधी गोठला हे हवं असेल तर झिरकॉनला पर्याय नाही. वाढताना तो युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळजवळ बाहेरच ठेवतो, त्यामुळे आज आत सापडणारं शिसं बहुतांश तिथेच तयार झालेलं असतं. शिवाय त्यात दोन घड्याळं एकदमच चालतात. युरेनियम-२३८ चं शिसं-२०६ होतं (अर्धायुष्य ४४६.८ कोटी वर्षं) आणि युरेनियम-२३५ चं शिसं-२०७ (७०.४ कोटी वर्षं).

आकड्यांत बघा. २५० कोटी वर्षांच्या धडधाकट झिरकॉनमध्ये पहिल्या जोडीचं शिसं भागिले युरेनियम हे गुणोत्तर ०.४७४ येतं आणि दुसऱ्या जोडीचं १०.७३. आता समजा या कणातून अलीकडे २० टक्के शिसं झिरपून गेलं. गुणोत्तरं ०.३७९ आणि ८.५८ वर उतरतील. पहिलं घड्याळ २०७ कोटी दाखवेल, दुसरं २२९ कोटी. दोघांचं जमत नाही म्हटल्यावर कण गळका आहे हे त्याच क्षणी कळतं. शिसं-२०७ आणि शिसं-२०६ यांचं आपसातलं गुणोत्तर मात्र बदललेलं नसतं, त्यावरून अजूनही २५० कोटीच निघतात. शिसं फार पूर्वी गेलं असेल तर हे तिसरं वयसुद्धा कमी येतं. तेव्हा बऱ्याच कणांचे बिंदू आलेखावर मांडून त्यांच्यातून जाणारी रेषा कॉनकॉर्डिया वक्राला (दोन्ही घड्याळं जुळतात अशा बिंदूंच्या वक्राला) वर जिथे छेदते ते वय घ्यावं लागतं. पोटॅशियम-आर्गॉनमध्ये अशी आतल्या आत तपासणी नसते, म्हणून अतिप्राचीन खडकासाठी ते एकटं वय मी पुरेसं मानत नाही.

गडबड बहुधा मोजणीच्या यंत्रापर्यंत पोचण्याआधीच होते. नमुना ५ ते १० किलोचा, ताज्या फोडीचा घ्या. कोकण-गोव्याच्या पावसात कुजलेला तांबूस थर चालत नाही. नाइसमध्ये फिकट आणि गडद पट्टे असतील तर करवतीने वेगळे कापा, कारण फिकट पट्टा पुष्कळदा नंतरच्या वितळण्यातून आलेला असतो आणि एकत्र दळलात की दोन घटनांची भेळ होते. जॉ क्रशर आणि डिस्क मिल प्रत्येक नमुन्यानंतर उघडून घासावी लागते, चाळणीचं कापड तर नवंच लावावं. आधीच्या नमुन्यातला एक कण अडकून राहिला तरी तुमच्या खडकात नसलेली घटना तुम्ही छापून मोकळे होता.

सुमारे २५० मायक्रॉनखालची भुकटी पाण्याच्या हलत्या टेबलावर धुवायची, हाती धरलेल्या चुंबकाने लोखंडी कण काढायचे, मग ब्रोमोफॉर्म (घनता सुमारे २.९) आणि मिथिलीन आयोडाइड (३.३). क्वार्ट्झ, फेल्डस्पार तरंगतात, झिरकॉन ४.६ च्या वर असल्याने तळाला बसतो. दोन्ही द्रवं विषारी आहेत, धूर ओढणाऱ्या कपाटाबाहेर बाटली उघडूच नका. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण वेचायचा. इथे फक्त चकचकीत, सुबक कण निवडण्याचा मोह होतो; तसं केलंत तर एखाद्या वयाच्या कणांची अख्खी पिढी हातातून सुटते.

कण इपॉक्सीत बसवून अर्ध्यापर्यंत घासतात आणि कॅथोडोल्युमिनिसन्स चित्र (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने कण चमकतो तेव्हाचं, आतले थर दाखवणारं) घेतात. हे चित्र न बघता, युरेनियम-शिसं मोजायला कणावर लेझर मारणं म्हणजे पैसे पाण्यात. एकाच कणात आत बारीक वलयांचा, मॅग्मात वाढलेला गाभा असतो आणि बाहेर रूपांतरणात (उष्णता-दाबाने खडक बदलताना) चढलेली करडी किनार. लेझरचा ठिपका २० ते ४० मायक्रॉनचा आणि किनार १० मायक्रॉनची असेल, तर ठिपका दोन्हींवर पडून मधलंच एक वय येतं, जेव्हा प्रत्यक्षात काहीच घडलेलं नसतं. थोरियम-युरेनियम गुणोत्तर ०.१ च्या खाली असेल तर किनार रूपांतरणातली असण्याची शक्यता बरीच, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. उलट बाजूने, ग्रॅनाइटमधला सर्वांत म्हातारा कण त्या ग्रॅनाइटचा असेलच असं नाही, वितळलेल्या जुन्या खडकातून तो तसाच वाहून आलेला असू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा ४४० कोटी वर्षांचा झिरकॉन त्याहून खूप तरुण गाळखडकात सापडलेला आहे. म्हणून जुन्यात जुन्या खडकांची चर्चा कॅनडाच्या ४०३ कोटींच्या अकास्टा नाइसवर येते.

वय वाचताना पद्धत आणि ± दोन्ही बघा. गोव्याच्या सीमेवरच्या अनमोड घाटातल्या नाइसचं १९८७ साली प्रसिद्ध झालेलं वय ३४० ± १४ कोटी आहे, ते रुबिडियम-स्ट्रॉन्शियमने (रुबिडियमचं हळूहळू स्ट्रॉन्शियम होतं त्यावरून), खडकाचे अख्खे तुकडे वापरून काढलेलं. कर्नाटकातल्या क्लोजपेट ग्रॅनाइटचं झिरकॉनवरून १९९१ मध्ये आलेलं वय २५१.३ ± ०.५ कोटी. पहिल्यात सगळे तुकडे एकाच वेळी, एकाच सुरुवातीच्या स्ट्रॉन्शियम गुणोत्तराने निघाले असं गृहीत धरावं लागतं; दोन वेगळे खडक मिसळले तरी आलेखावर सुंदर सरळ रेषा येऊ शकते. तसंच ± एक सिग्माचा (म्हणजे एका प्रमाण विचलनाचा) की दोन, हे दिलं नसेल तर विचारून घ्या.

रूपांतरणाचं वयच हवं असेल तर मोनाझाइट हे खनिज बघा, तेही भुकटी न करता पातळ छेदात (काचेवर चिकटवलेल्या खडकाच्या पातळ चकतीत), कारण तो गार्नेटच्या पोटात आहे की बाहेर यावरून कोणतं आधी वाढलं ते दिसतं. म्हणून नमुना दळायला देण्याआधी मुठीएवढा एक तुकडा बाजूला काढा आणि त्यावर पट्ट्यांची दिशा मार्करने खुणावून ठेवा.