जुन्या जागी सिमलिंक टाकली की फाइलींची हलवाहलव संपते का?

तुमचा प्रश्न असा: स्वयंसेवकांच्या प्रकल्पात पॅकेजांमधल्या फाइली /लिब मधून /यूएसआर/लिब मध्ये न्यायच्या आहेत, तर जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे नेणारा दुवा) टाकून भागेल का, आणि वेळ किती लागेल?

भागत नाही. "एक सिमलिंक तर टाकायचीय" म्हणणाऱ्यांना डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स प्रणालीचंच उदाहरण दाखवा. २०१९ च्या बस्टर या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये सिमलिंक आल्या, पण पॅकेजांच्या आतल्या फाइली पूर्ण हलायला २०२५ ची ट्रिक्सी आवृत्ती उजाडली.

अडचण डीपीकेजीची, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेजं बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या प्रोग्रॅमची आहे. समजा फाइलीचं नाव फू. डीपीकेजीच्या नोंदीत /लिब/फू आणि /यूएसआर/लिब/फू या दोन वेगळ्या फाइली. सिमलिंकमुळे डिस्कवर मात्र एकच. फाइल त्याच पॅकेजमध्ये राहून हलली तर डीपीकेजी ते ओळखतं, काही बिघडत नाही. पण एकाच वेळी जागाही बदलली आणि 'अ' मधून 'ब' पॅकेजमध्येही गेली, तर 'ब' मध्ये 'रिप्लेसेस' (ही फाइल 'अ' कडून घेतली, अशी नोंद) लिहूनही उपयोग नाही, कारण पाथ जुळत नाही. आधी 'ब' उलगडतं, फाइल बसते. मग 'अ' अपग्रेड होतं, जुनी /लिब/फू नव्या यादीत नाही म्हणून काढून टाकली जाते, आणि सिमलिंकमधून 'ब' ची फाइल उडते. एरर येत नाही.

त्यावर उपाय 'कॉन्फ्लिक्ट्स' (दोन्ही एकत्र नकोत, अशी नोंद): 'अ' आधी काढलं जातं, मगच 'ब' उलगडतं. इसेन्शियल, म्हणजे ज्याविना प्रणाली चालत नाही असं पॅकेज असं काढता येत नाही. तिथे प्रीइन्स्टमध्ये (पॅकेज उलगडण्याआधी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) डीपीकेजी-डायव्हर्ट, म्हणजे फाइल दुसऱ्या नावाकडे वळवणारी आज्ञा, लावून फाइल वाचवायची आणि नंतर डायव्हर्जन काढायचं.

म्हणूनच बुकवर्म ही ट्रिक्सीच्या आधीची आवृत्ती प्रसिद्ध होईपर्यंत फाइली हलवू नका, ही डेबियनच्या टेक्निकल कमिटीची बंदी योग्यच होती. तिला अडवणूक म्हणणाऱ्यांशी माझं आजही पटत नाही. उपाय हाती नसताना हजारो पॅकेजं हलवली असती तर अपग्रेड करणाऱ्यांच्याच मशीनवरून फाइली गेल्या असत्या.

स्वयंसेवकाला हुकूम सोडता येत नाही, तेव्हा त्याचं काम एका ओळीवर आणा. डेबियनने डीएच_मूव्हटूयूएसआर हे साधन दिलं: बिल्ड-डिपेंड्समध्ये (पॅकेज बांधायला काय लागतं त्या यादीत) डीएच-सीक्वेन्स-मूव्हटूयूएसआर टाका, फाइली बिल्डच्या वेळी आपोआप हलतात. जोडीला अख्खं आर्काइव्ह (सगळ्या पॅकेजांचा साठा) तपासून असे धोके शोधणारी आणि बग नोंदवणारी स्क्रिप्ट हवीच. मेलवर आठवण करून देणं पुरत नाही. लिबसी, बॅश, बेस-फाइल्स अशी पायाची पॅकेजं शेवटी घ्या.

वेळेचं म्हणाल तर निदान एक पूर्ण रिलीज सायकल धरा. अर्थात तुम्ही पॅकेजं न देता एकच टारबॉल (सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) देत असाल, तर यातलं बहुतेक तुम्हाला लागू नाही.