'इम्प': कलमाची काडी ते सैतानाचं पिल्लू

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमध्ये एका लहानग्याच्या थडग्यावर त्याला 'नोबल इम्प' म्हटलं आहे. इम्प म्हणजे खोड्या काढणारं सैतानाचं पिल्लू. मग मेलेल्या लेकराला असं का म्हणावं?

म्हटलं ते मायेनंच. हे लेकरू लेस्टरचा अर्ल रॉबर्ट डडली याचं. ते १५८४ साली गेलं, आणि तेव्हा 'इम्प' हा घराण्याच्या वारसाला शोभणारा शब्द होता.

मुळात हा शब्द बागेतला. जुन्या इंग्रजीत 'इम्पा' म्हणजे कोवळा फुटवा, कलमाची काडी. 'इम्पियन' म्हणजे कलम बांधणं. लॅटिनमार्गे तो ग्रीक 'एम्फ्युतोस'पर्यंत, म्हणजे 'आत रोवलेलं' इथपर्यंत जातो. ससाण्याच्या मोडक्या पिसाला दुसरं पीस जोडायच्या कामालाही शिकारी 'इम्पिंग'च म्हणत. झाडाच्या फुटव्यावरून तो घराण्याच्या फुटव्यावर गेला, यात आपल्याला नवल वाटू नये. आपणही वंशाला वेल म्हणतो आणि मुलाला कुलाचा अंकुर.

शब्द बिघडला तो संगतीनं. सोळाव्या शतकात 'सैतानाचा इम्प', 'नरकाचा इम्प' असे प्रयोग रुळले. अर्थ 'सैतानाची अवलाद' एवढाच. पुढे त्यातला 'सैतान' हा शब्द गळून गेला आणि त्याची सगळी बदनामी एकट्या 'इम्प'वर राहिली. सतराव्या शतकातल्या चेटकिणींच्या खटल्यांत तर त्यांच्या दिमतीला असलेल्या मांजर-बेडकांसारख्या भुतांना सर्रास इम्प म्हटलेलं दिसतं. त्या भीतीची धार ओसरल्यावर वांड पोरासाठी तो लाडानं वापरात आला, आजही तसाच आहे. लिंकन कॅथीड्रलमधला दगडी 'लिंकन इम्प' मात्र अजून पक्का सैतानी. देवदूतानं त्याला तिथंच दगड करून टाकलं, अशी दंतकथा आहे.

मला खरी हळहळ वाटते ती जोडीदार शब्दाकडे पाहून. इंग्रजीतला 'सायन' (scion) म्हणजेही कलमाची काडी आणि वंशजच. त्याला वाईट संगत लागली नाही, म्हणून तो अजून खानदानी राहिला आहे.

जर्मनमध्ये याच मुळाचं 'इम्पफेन' आज लस टोचण्यासाठी वापरतात. लस टोचण्यासाठीचा इंग्रजी 'इनॉक्युलेट'ही बागेतलाच, पण वेगळ्या मुळाचा: त्यात लॅटिन 'ओक्युलुस', म्हणजे डोळा आहे. फांदीवरच्या कोवळ्या कळीचं कलम करण्याला आपले रोपवाटिकेतले लोक 'डोळा भरणे' म्हणतात, तोच हा डोळा.